मांडीवरचं प्लास्टर

हरभऱ्याएवढं गोल, तपकिरी, कडेनं किंचित सुटलेलं... बाळाच्या डाव्या मांडीवरचं ते प्लास्टर तिनं नखानं उचललं, तर खाली काहीच नव्हतं. लाल ठिपका नाही, सूज नाही, सुईनं जाता जाता ठेवलेली एवढीशी खूणसुद्धा नाही. नुसती मऊ कातडी आणि तिच्यावर गोंदाची एक मळकट गोल रेघ. तिनं बाळाला खिडकीपाशी नेलं, मांडी हलकेच ताणून उजेडात धरली. गिऱ्हाइकानं आणलेलं कापड आधी दुसऱ्या कुणाच्या हाताखालून गेलंय का, हे ती असंच बघते. कितीही सफाईनं उसवा, वरून इस्त्री फिरवा, जुन्या शिवणीची भोकं तिच्या बोटांना कळल्याशिवाय राहत नाहीत. आत्ताही बोट फिरत राहिलं, आणि त्याला काही म्हणता काही कळेना.

असलंच प्लास्टर आपल्या ड्रॉवरमध्ये आहे. मशीनवर बोट टोचलं की लावायला. अख्खं पाकीट आहे.

हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पण आला तो आलाच, आणि एकदा आत आलेला पाहुणा जसा पाय पसरून बसतो तसा बसला.

काल सकाळी नवराच बाळाला घेऊन दवाखान्यात गेला होता. तिसऱ्या खेपेचं इंजेक्शन. तिला जायला जमणारच नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीतल्या तिच्या दुकानात शाळांच्या गणवेशांचे गठ्ठे छातीएवढे साठले होते. "तुम्हीच जाऊन या," ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली होती, आणि तो गेला होता. आला तोही लवकरच.

"झालं?"

"झालं."

"रडला का बोक्या?"

"थोडासा."

"आणि कार्ड?" लसींच्या नोंदीचं कार्ड तर तिच्याच पर्समध्ये राहिलं होतं.

"पुढच्या वेळी आणा म्हणाली नर्स. तेव्हा लिहून देते म्हणाली."

सगळी उत्तरं जिथल्या तिथे. एरवी साधी कोथिंबीर आणायला पाठवलं तरी ज्याची गोष्ट अर्धा तास चालते, तो माणूस दवाखान्यातून आला आणि त्याची गोष्ट चार वाक्यांत संपली? वर न सांगता सिंकमधली भांडी घासून टाकली. लग्नाला पाच वर्षं झाली. न सांगता घासलेली भांडी म्हणजे काय ते तिला कळत नाही थोडंच.

पहिल्या इंजेक्शननंतर बाळ तापलं होतं. हा रात्रभर त्याला छातीवर घेऊन बसला होता, आणि पहाटे तिनं पाहिलं तर स्वतःच रडत होता, गुपचूप, नाक ओढत. दुसऱ्या वेळी तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर थांबला, कानांवर हात ठेवून, भर रस्त्यात. तेव्हाही ताप आला होता. "माझ्यानं हे नाही बघवत," असं तो म्हणाला होता, आणि तिला त्याची मायाच वाटली होती... ह्याच हळवेपणावर भाळून तर घरच्यांशी भांडले मी! आणि आज तोच हळवेपणा तिला काट्यासारखा सलत होता. कारण ह्या वेळी ताप नव्हता. कालपासून नव्हता. ती दर थोड्या वेळानं हात लावून बघत होती, आणि कपाळ आपलं गारच्या गार.

वरच्या मजल्यावरचं पोर पुन्हा खोकू लागलं. डांग्या खोकला. खोकता खोकता श्वास ओढायचं तेव्हा अख्खी इमारत श्वास धरून बसायची. त्याची आई इंजेक्शनाला आज नेते, उद्या नेते करत राहिली होती. आता तोंड लपवून जिना उतरते बिचारी. बिचारी कसली... आणि मी? मी तरी स्वतः कुठे गेले? गणवेश शिवत बसले की.

दवाखान्यात एक फोन केला की झालं. सकाळपासून दोनदा तिनं फोन उचलला होता. पण विचारायचं कसं? माझा नवरा काल खरंच आला होता का हो? आला होता म्हणाले, तर अशी बायको ठरायची जी नवऱ्याच्या मागे चौकशा करते. आणि नाही म्हणाले, तर... तर संध्याकाळी त्याच्यासमोर ताट कुठल्या तोंडानं वाढायचं?

दुपारी दवाखान्यातली नर्सच दारात उभी राहिली. हातात पांढरा अंगरखा. "ताई, दंडात फार घट्ट होतोय हो. सैल करून द्या."

तिनं अंगरखा घालायला लावला, तोंडात टाचण्या धरल्या आणि बाहीची शिवण चाचपू लागली. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, हे बरं होतं.

नर्सला मात्र बोलायची हौस होती. "काल तर नुसती जत्रा! आणि खरं सांगू? पोरं परवडली, बाप नको. एक जण काल रांगेत उभा, पोर कडेवर. पुढच्या पोरानं भोकाड पसरलं, तसा हा पांढराफटक. मी वळून बघते तर गेलेला!"

टाचणी तिच्याच बोटात घुसली. तिनं बोट पदराआड नेलं.

"मग? परत आला तो?" टाचण्या काढून तिनं विचारलं. आवाज सहज ठेवायला फार जड गेलं.

"कुणास ठाऊक. आलाही असेल. चेहरे कुठे लक्षात राहतात, मी मांड्या बघते!" नर्स खळखळून हसली, आणि हसता हसता तिची नजर गठ्ठ्यांमागच्या पाळण्याकडे गेली. "हा तुमचा का? झालं ना याचं इंजेक्शन?"

हीच वेळ होती. काल यांनी आणलं होतं, जरा आठवून बघा ना... एवढंच म्हणायचं होतं.

"झालं," ती म्हणाली. "कालच."

किती ठाम आला आवाज! जणू तीच बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"हं," नर्स म्हणाली, अंगरखा काढून ठेवला आणि गेली.

त्या 'हं'नं तिची उरलेली दुपार खाल्ली. एक बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली.

संध्याकाळी तो आला. हातपाय धुतले आणि आधी पाळण्यावर वाकला. "ताप नाही ना आला?"

काळजीनं विचारत होता? की अंदाज घेत होता? पाठ तिच्याकडे होती, चेहरा दिसेना. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आलाय की. मघापासून अंग कोमट लागतंय."

साफ खोटं. तिला फक्त त्याचा चेहरा बघायचा होता. तो चमकेल, गोंधळेल, 'असं कसं' म्हणेल, आणि मग तिला कळेल. त्यानं बाळाच्या कपाळावर हात ठेवला. त्या गार कपाळावर त्याचा हात बराच वेळ राहिला. मग तो वळला, आणि दिवसभर ती मनातल्या मनात त्याच्याकडे जशी संशयानं बघत होती, तसंच त्यानं आता तिच्याकडे बघितलं.

"हो," तो हळूच म्हणाला. "लागतोय खरा हाताला."

"थर्मामीटर लावू?" तिनं विचारलं.

"नको. उगाच उठेल."

"हो. नकोच."

तो आत गेला. नळ सुटल्याचा आवाज आला, भांडं भांड्यावर आपटल्याचा आला. ती पाळण्याशी उभी राहिली. दिवसभर शंभरदा हात लावला होता मी याला, आणि प्रत्येक वेळी देवा, तापू दे, तापू दे एवढंच म्हणत होते. पोर तापावं म्हणून! नवरा खरा ठरावा म्हणून... बाळ जागंच होतं, मूठ तोंडात कोंबून तिच्याकडे टकामका बघत होतं. तिनं त्याला उचललं, छातीशी घट्ट धरलं, आणि आता पहिल्यांदाच, नवऱ्याचं काय ते बाजूला राहून, तिला नुसती बाळासाठी भीती वाटली. ती इतकी मोठी होती की तिच्यात संशयाला जागाच उरली नाही.