घे, सोड, घे

मी एक जुनी पुठ्ठ्यांची माळ आहे, मित्रांनो, आणि आज मला अजिबात गप्प बसवत नाहीये! नाक मुरडू नका. एकामागे एक ओवलेले बाराशे पुठ्ठे आणि प्रत्येकावर बारीक बारीक भोकं, असा माझा देह आहे. मी मागावर चढले की चादरीवर मोर उतरायचा.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात सिद्धारामअप्पांनी मला घडवलं. समोर चौकटींचा कागद, त्यावर रंगवलेला मोर, आणि अप्पांचं तोंड सारखं चालू, "घे, घे, सोड, घे." घे म्हटलं की पुठ्ठ्यावर भोक पडे. सोड म्हटलं की जागा कोरी राही. मागावर भोकात सुई शिरे आणि तिचा दोरा वर उचलला जाई. कोऱ्या जागी दोरा खालीच राही. दोन शब्दांत अख्खा मोर, तोही तुऱ्यासकट! लग्नाच्या आहेरात माझ्या चादरी मिरवल्या, तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

मग जुना माग भंगारात गेला, कॉम्प्युटरवर चालणारा आला आणि मी खुंटीवर गेले. अंगावर धुळीचा थर बसला. अप्पाही कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालू लागले. मला फार वाईट वाटायचं.

या सोमवारी मॅनेजर वेणीमाधवसाहेब म्हणाले, "अप्पा, जुन्या मोराची ऑर्डर आलीय. कागद वाळवीनं खाल्ला. शनिवारपर्यंत मोर नव्या मागावर उतरला तर डिझाइनचं काम तुमचं. नाही उतरला तर... मालक तुम्हाला घरी बसवायचं म्हणताहेत."

"साहेब, त्या कॉम्प्युटरची भाषा मला येत न्हाय की," अप्पा म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला आणलं. दानेश्वरी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं मला खुंटीवरून काढलं, झटकलं आणि ती ओरडलीच, "अप्पा, कॉम्प्युटरच्या पुस्तकात पहिल्या धड्यात हीच असते की! आणि तुमी मला कधी दाखवली न्हाई?"

मित्रांनो, तिनं जे सांगितलं ते ऐकून माझं भोकन्‌भोक शहारलं! दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये माझे पूर्वज रेशमाच्या मागावर चढले. ते ऐकून इंग्लंडातल्या एका गणित्याला वाटलं, पुठ्ठा फुलं विणतो तर आकडेमोड का नाही करणार? त्याचं यंत्र काही पुरं झालं नाही, पण त्या यंत्रानं काय काय करायचं ते एका बाईनं पायरीपायरीनं लिहून ठेवलं. पुढे अमेरिकेत शिरगणतीसुद्धा पुठ्ठ्यांवर झाली. मग कॉम्प्युटर आले, तर त्यांनाही भोकांचे पुठ्ठेच भरवायचे! नुसतं एक-शून्य लिहून माणसं मेटाकुटीला आली, तेव्हा शब्दांच्या भाषा निघाल्या. फोरट्रान, कोबॉल, एकेक ओळ एकेका पुठ्ठ्यावर! दानेश्वरी पायथन लिहिते, तीही त्याच गोतावळ्यातली. अहो, मी केवढ्या मोठ्या घराण्यातली, आणि मलाच पत्ता नाही!

दोघांनी माझ्या एकेका पुठ्ठ्याचे मोबाइलवर फोटो काढले. मोराच्या मानेजवळचे तीस पुठ्ठे उंदरांनी कुरतडले होते. अप्पांनी डोळे मिटून ते आठवले, "घे, सोड, सोड, घे," आणि दानेश्वरी घेला एक, सोडला शून्य लिहीत गेली. बाकीचे पुठ्ठे तिच्या प्रोग्रामनं फोटोंवरून वाचले.

शनिवारी सकाळी माग सुरू झाला. सगळे डोळ्यांत तेल घालून बघत होते. आणि अरे देवा! पांढऱ्यावर हिरवा मोर हवा होता, आला हिरव्यावर पांढरा! फक्त मानेचा पट्टा तेवढा बरोबर.

वेणीमाधवसाहेबांनी कपाळाला हात लावला. दानेश्वरीचं तोंड एवढंसं झालं. अप्पा मात्र चादरीवर वाकले.

"मान बरोबर हाय. ती मी सांगितलेली. बाकीच्यात भोकाला काय लिवलंस गं?"

"शून्य. भोक म्हणजे रिकामी जागा ना, अप्पा?"

"अगं खुळे, भोक म्हंजे घे! रिकामं दिसतंय तितंच दोरा उचलतोय!"

दानेश्वरीनं कपाळ बडवून घेतलं. एकच ओळ बदलली, भोक म्हणजे एक. माग पुन्हा खडखडला. पाय आले, पिसारा आला, मान आली, आणि शेवटी तुरा! हिरवागार! कामगारांनी शिट्ट्या मारल्या.

"अप्पा, तुम्ही तर म्हणाला होता भाषा येत नाही," साहेब हसत म्हणाले.

"येत न्हाय कशी?" दानेश्वरी म्हणाली. "चाळीस वर्षं तीच तर बोलताहेत!" आणि तिनं बापाला कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसवलं. अप्पांना रडूच फुटलं.

मित्रांनो, माझा मोर आता कॉम्प्युटरात सुखरूप आहे. पण मागच्या खोलीत माझ्यासारख्या पन्नास माळा पडल्यात. कमळ, हत्ती, वेलबुट्टी, सगळं त्यांच्या भोकांत आहे. तुमच्याही गावात कुठंतरी असतील. त्यांना रद्दीत घालू नका. कुरतडलेलं आठवून सांगणारा माणूस आज समोर बसलाय, तोवर त्याच्याकडून वाचून घ्या.