एकोणतिसावा दिवस

"आधी गादी न्यायची की आधी मावशीला?" हमालगाडीवाल्या अब्दूने दारातून विचारलं.

"गादीसकट मावशीला," यिह्याने सांगितलं आणि तो बोरूंची पेटी बांधायला लागला.

त्याची बायको सुंबूल गादीवर पडून छताकडे बघत होती. छातीत पाणी झालं होतं. बोलायला गेलं की धाप लागायची. धर्मादाय दवाखान्याच्या डॉक्टरने बजावलं होतं, हिला जागची हलवू नका, जिना तर नकोच. पण आज या खोलीतला एकोणतिसावा दिवस होता, आणि कैरोच्या यहुदी गल्लीत कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं, की एकोणतिसाव्या दिवशी यिह्याचं बिऱ्हाड हलतं.

मिसरात, म्हणजे इजिप्तात, पुन्हा जाऊन राहू नका, ही तोरा या यहुदी धर्मग्रंथाची आज्ञा. व्यापाराला या, विद्येला या, पण बस्तान मांडू नका. गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या लोक नांदत होते, मोठमोठे पंडितही इथेच म्हातारे झाले होते. त्यांनी त्यातून आपापली वाट काढली होती. यिह्याला ती पटेना. येमेनमधल्या सना शहरातून तो जेरुसलेमला निघाला होता आणि वाटेत दोन महिन्यांसाठी इथे थांबला होता. त्याला एकतीस वर्षं झाली. भाड्याच्या घरात तीस दिवस झाले की दाराच्या चौकटीवर मेझुझा ठोकावी लागते. कातड्यावर लिहिलेली देवाची आज्ञा ती. ती ठोकली की माणूस तिथला झाला. म्हणून तो तिसावा दिवस उजाडूच देत नसे. खोल्याही गल्लीच्या कडेच्या, किब्ती ख्रिस्ती नाहीतर मुसलमान घरमालकांच्या घ्यायचा. तिथल्या चौकटी कोऱ्या असत.

आणि पोटाचा धंदा कोणता? तर मेझुझा लिहिण्याचा! गल्लीतल्या निम्म्या दारांवर त्याचं अक्षर होतं. काय देखणं अक्षर! स्वतःच्या घराच्या दारावर मात्र एकतीस वर्षांत कधी नाही.

सुंबूल याच गल्लीत जन्मलेली. बापाच्या घरात शिरताना टाचा उंचावून मेझुझाला बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची. लग्न झालं आणि आपल्याच गल्लीत ती वाटसरू झाली. मूल झालं नाही. "बरंच झालं," शेजारची धोबीण फर्हा म्हणायची, "नाहीतर पाळणासुद्धा दर महिन्याला गाडीवर चढला असता." पोरं तिला 'एकोणतीसमावशी' म्हणत. सुंबूल हसायची, आणि घरी येऊन भांडी घासता घासता रडायची.

गेल्या आठवड्यात तिने एकदाच मागितलं होतं. "एक लिहा ना. माझ्यासाठी. या दाराला. आता कितीसे दिवस राहिलेत माझे?"

"तेवढ्यासाठी पाप करू?" तो म्हणाला होता.

आज फर्हा ओल्या हातांनी धावत आली. तिच्या मागोमाग हाखाम नतान, गल्लीचे धर्मगुरू. तिनेच त्यांना बोलावून आणलं होतं.

"यिह्या, डोकं फिरलंय का तुझं?" हाखाम म्हणाले. "जिवावर बेतलं तर शब्बाथसुद्धा मोडतात."

"शब्बाथ पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो, हाखाम. इथे एकदा राहिलो की राहिलो."

"एकतीस वर्षं काय करतोयस मग? उडतोयस?" फर्हा ओरडली. "अरे, बायको आहे ती! गाठोडं नाही!"

यिह्या शांतपणे पेटीला गाठ मारत राहिला. त्याचा आवाज कधीच चढत नसे. सुंबूलला वाटायचं, एकदा तरी त्याने हात उगारावा, म्हणजे चारचौघांत दाखवायला वळ तरी उठेल.

"राहू दे, फर्हा," ती धापा टाकत म्हणाली. "उचला मला."

अब्दूने आणि फर्हाने तिला गादीसकट गाडीवर ठेवलं. गाडी दगडांवरून खडखडत निघाली. प्रत्येक खड्ड्यासरशी छातीतलं पाणी हिंदकळत होतं. दुकानदार क्षणभर उभे राहिले आणि मान खाली घालून पुन्हा कामाला लागले. मागे यिह्या हाखामांशी बोलत चालला होता. हिला ऐकू जात नसेल, असं त्याला वाटलं असावं, किंवा ऐकू गेलं तरी त्याला फरक पडत नसावा.

"एवढ्यात काही झालंच, तर बसातीनच्या कबरस्तानात तात्पुरतं पुरा. खोल नको. वर दगड नको. जेरुसलेमला जाताना मी हाडं काढून नेणार आहे."

फर्हाने ओढणीने तोंड दाबून धरलं.

सुंबूलला हसू आलं. त्याचा खोकला झाला. "म्हणजे तिथेही," ती म्हणाली, "तिथेही बिऱ्हाड हलायचंच आहे तर."

नवी खोली पहिल्या मजल्यावर होती. अब्दू आणि फर्हा तिला गादीसकट वर चढवत होते, आणि जिन्याच्या दर पायरीला तिचा श्वास अडत होता. दारात अब्दू दम खायला थांबला, तशी तिने हात वर केला. हात कसाबसा उजव्या बाजूच्या चौकटीपर्यंत पोचला. कोऱ्या लाकडाला बोटं लावून तिने ती ओठांना टेकवली.

"तिथे काही नाही," यिह्या म्हणाला.

"माहीत आहे मला."

तिला आत निजवलं. फर्हा पाणी आणायला गेली. यिह्याने पेटी सोडली, दौत उघडली आणि बोरू बुडवला. मेझुझा लिहायची तीच काळी शाई. नव्या खोलीत त्याचं पहिलं काम हेच असे, चौकटीवर दिवसाची रेघ ओढायची.

"एक," तो म्हणाला.

"मला एकोणतीस लागायचे नाहीत," सुंबूल म्हणाली. "उरलेले तुमचे तुम्ही मोजा."

त्याने मागे वळून पाहिलं नाही. तिची बोटं जिथे टेकली होती, तिथेच त्याने रेघ ओढली. ती सरळ आणि देखणी आली. मग त्याने तिच्यावर फुंकर घातली, वाळावी म्हणून.