कोनाड्यातला कप

मी गिरगावातला कमलाकांत, परळच्या एका कापडगिरणीत वीव्हिंग मास्तर. एका कान तुटलेल्या कपावरून मी तीन माणसांशी खोटं बोललो. त्यातल्या एकाला खरं सांगायला मला तीन वर्षं आणि जर्मनीपर्यंतचा प्रवास लागला. बाकीच्या दोघांना अजून सांगितलेलं नाही.

१९५३ साली मी विद्यार्थी-अदलाबदलीच्या योजनेतून वर्षभर जर्मनीत रॉयटलिंगेन नावाच्या गावी विणकामाचं तंत्र शिकायला गेलो होतो. राहायची सोय आयझेले कुटुंबाकडे होती. नवरा यंत्रांचा फिटर, बायको घर सांभाळायची, एकुलता मुलगा लढाईत गेलेला. पहिल्याच दिवशी मी चाचरत सांगितलं, की मासे-मटण सगळं खातो, फक्त गाईचं चालत नाही. दुसऱ्या दिवशी आयझेलेबाईंनी बाजारातून नवं कोरं पातेलं आणलं, त्याच्या कानाला लाल लोकरीचा धागा बांधला आणि नवऱ्याला बजावलं, “हे कमलचं. यात दुसरं काही शिजवायचं नाही.” लढाईनंतरचे दिवस होते, त्यांच्याच घरात धड चार भांडी नव्हती. वर्षभर मी त्या पातेल्यातलं जेवलो.

१९५७ च्या जानेवारीत आमच्या गिरणीत नवी यंत्रं बसवायला आयझेले मुंबईला आले, बरोबर बाईही आल्या. बाईंना मी घरी चहाला बोलावलं. त्या दिवसांत मी स्वतःला मोठा पुढारी समजत होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात छातीवर बिल्ला लावून घसा फुटेस्तोवर ओरडायचो आणि घरी आलो की आईपुढे शेळी व्हायचो.

“गाय खाणाऱ्या बाईच्या तोंडचा कप मी घरात घेणार नाही,” आई म्हणाली. “बाहेरच्या कोनाड्यातला दे तिला.”

“आई, तो धोंडूचा आहे.”

“म्हणूनच सांगतेय.”

धोंडू आमच्या चाळीचे संडास साफ करायचा. काम उरकून तो जिन्याशी बसला की आई त्याच्या कपात उंचावरून चहा ओतायची. प्यायल्यावर तोच कप विसळायचा आणि गॅलरीच्या टोकाला कोनाड्यात पालथा घालायचा. अस्पृश्यता कायद्यानं कधीच गेली होती, कोनाडा मात्र जागच्या जागी होता. मोर्चात धोंडू आणि मी एकाच रांगेत चाललो होतो. चाळीत परतल्यावर तो जिन्यावर बसला आणि मी झोपाळ्यावर.

काचसामानाचं दुकान आमच्या दारापासून दहा पावलांवर होतं. मी नवा कप आणू शकलो असतो. पण आईशी कोण वाद घालणार, म्हणून मी स्वतःच धोंडूचा तो कान तुटलेला, निळ्या रेघेचा कप राखेनं घासला.

वारा येतो या सबबीवर बाईंना गॅलरीत खुर्ची दिली. चहा आला. आमच्या हातांत एकसारखे पांढरे कप, त्यांच्या हातात तो. बाईंनी एकदा आमच्या कपांकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या.

“हा सगळ्यांपेक्षा वेगळा आहे,” त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. “माझा एकटीचा? तुझ्या पातेल्यासारखा?”

“काय म्हणते रे?” आईनं विचारलं.

“चहा छान झालाय म्हणते,” मी आईला सांगितलं. आणि बाईंना म्हणालो, “हो. आईनं खास तुमच्यासाठी ठेवलाय.”

बाईंचे डोळे भरून आले. कोणी काही म्हणायच्या आत त्या उठल्या आणि त्यांनी आईला घट्ट मिठी मारली. आई खांबासारखी ताठ उभी राहिली. त्या गेल्यावर तिनं संध्याकाळी पाच वाजता डोक्यावरून अंघोळ केली. जाताना बाईंनी तो कप आठवण म्हणून मागितला होता. आईनं तत्काळ देऊन टाकला. वर्तमानपत्रात गुंडाळून तो त्यांच्या हातात मीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी धोंडूनं कोनाड्यात हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

“दादा, कप फुटला काय?”

“हो, फुटला,” मी म्हणालो.

पुढे दर नाताळला बाईंचं पत्र यायचं आणि प्रत्येक पत्रात कपाची खुशाली असायची. वाचताना माझे कान तापायचे. १९६० च्या मे महिन्यात गिरणीनं मला नवी यंत्रं पाहायला जर्मनीला पाठवलं, तेव्हा मी ठरवूनच निघालो, की या वेळी खरं सांगायचं. रॉयटलिंगेन येईपर्यंत ती चार वाक्यं मी गाडीत घोकत होतो.

दोघांनी मला दारातच मिठी मारली. आत शिरलो तर समोर फळीवर, त्यांच्या गेलेल्या मुलाच्या फोटोशेजारी, धोंडूचा कप. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आयझेल्यांनी मुंबईची हालहवाल विचारली, तर मी घोकलेलं सगळं गिळून भलतंच बोलत सुटलो. एक मेला दिवे कसे लागले, पेढे कसे वाटले, मराठी माणसाचं राज्य कसं आलं. तेवढ्यात बाईंनी फळीवरचा कप उतरवला, त्यात कॉफी ओतली आणि माझ्यापुढे ठेवली.

“यातून आम्ही कोणालाच देत नाही,” त्या म्हणाल्या. “आज तू पी.”

त्या कपाला मी जन्मात ओठ लावला नव्हता. कॉफी संपवली आणि मग मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगून टाकलं. कोनाडा, राख, आईची अंघोळ, माझं खोटं भाषांतर, काही म्हणता काही ठेवलं नाही. आयझेले खिडकीबाहेर पाहत राहिले. बाई चिडतील, रडतील, नाहीतर मला माफ करतील, असं वाटून मी मान खाली घालून बसलो. खरं सांगायचं तर माफीचीच वाट पाहत होतो.

बाईंनी रिकामा कप हातात घेऊन फिरवला.

“हा धोंडू,” त्या म्हणाल्या, “तोही मराठीच ना?”

“हो.”

“मग तो आता कशात चहा पितो?”

तीन वर्षं मी या बाईंना काय सांगायचं तेवढंच घोकत होतो. कप गेल्यावर धोंडू दोन-चार दिवस जिन्याशी रेंगाळला होता, मग काम उरकलं की तडक निघून जाऊ लागला होता. ते मी झोपाळ्यावरून पाहिलं होतं.

“पीत नाही,” मी म्हणालो. “आई तेव्हाच म्हणाली होती, त्याला एक कप आणून दे. मी उद्या आणतो म्हणालो होतो.”