आज एवढा एकच प्रश्न

ऋतुजाच्या हातून जी चूक झाली, ती लातूरच्या क्लासांत दोन वर्षं घासून निघालेल्या पोरांच्याच हातून होऊ शकते. दुसऱ्या कुणाला ती सुचायचीसुद्धा नाही.

झालं असं. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला होती, कॉम्प्युटरला. गेटच्या परीक्षेत बऱ्यापैकी गुण पडले आणि हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेनं संशोधनाच्या एम.टेक.साठी तिला मुलाखतीला बोलावलं. शुक्रवारी सकाळी अकराला, ऑनलाइन. कॉलेजच्या लॅबमध्ये कोपऱ्यातलं मशीन धरून, इस्त्रीचा ड्रेस घालून पोरगी दहा वाजल्यापासून बसलेली. पडद्यावर तीन प्रोफेसर आले. त्यातल्या पिकल्या केसांच्या सरांनी प्रश्न घातला. समजा पुष्कळ गावं आहेत, त्यांच्यामध्ये रस्ते आहेत. रोज एक रस्ता कायमचा बंद पडतो. मध्येच कुणी विचारलं, की या गावाहून त्या गावाला अजून जाता येतं का, तर दर वेळी सगळा नकाशा पहिल्यापासून न तपासता झटकन कसं सांगाल?

ऋतुजा विचार करायला लागली. डोक्यात घड्याळ चालूच होतं. पन्नास सेकंद झाले, मिनिट झालं, वाट काही दिसेना. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "सर, नेक्स्ट क्वेश्चन."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. पिकल्या केसांचे सर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "पुढचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "आज एवढा एकच आहे. अर्धा तास आहे आपल्याकडं."

आपण हसू हे ऐकून, पण ज्याच्यावर बेततं त्यालाच कळतं. उरलेली एकोणतीस मिनिटं तिनं कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. काहीतरी बोलली, ते मागं घेतलं, परत बोलली. कॉल संपला तेव्हा इस्त्रीचा ड्रेस पाठीला चिकटला होता.

यात लातूरला नावं ठेवायचं कारण नाही. ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांना ठेवू द्या. निलंग्याजवळच्या एका खेड्यातली ही पोरगी, बापाची बारा एकर शेती, घरात इंजिनिअर कुणी पाहिलेला नाही. तिला लातूरनं उभं केलं. एका खोलीत तिघीजणी, मेसचा डबा, रोज सकाळी टेस्ट. फिजिक्सचे सर दिवसाला नऊ तास उभं राहून शिकवायचे, सुजलेल्या पायांना पट्ट्या बांधून, आणि एका दिवसाचाही खाडा नाही. ते सांगायचे, "प्रश्नाच्या प्रेमात पडायचं नाही. पन्नास सेकंदांत वाट दिसली तर चाला, नाहीतर सोडा आणि पुढं व्हा. चुकलात की मार्क गेला." त्या सल्ल्यावर शेकडो पोरं मार्गी लागली. ऋतुजाही त्यातलीच, फक्त ती सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती.

त्याच दुपारी दोन मेल आल्या. पहिली हैदराबादची. तिला वाटलं, नकार असणार. तसं नव्हतं. त्याच प्रश्नावर निवांत विचार करा, लिहिलं होतं, आणि सोमवारी रात्री बारापर्यंत जे सुचेल ते लिहून पाठवा. बरोबर असलंच पाहिजे असं नाही, तुम्ही कुठपर्यंत गेलात ते बघायचं आहे. दुसरी मेल पुण्याच्या कंपनीची. कॅम्पसमध्ये डिसेंबरातच तिची निवड झालेली होती. आता पत्र आलं होतं आणि सोमवारी पाच वाजेपर्यंत लिंकवर जाऊन होकार कळवायचा होता. होकार द्यायचा आणि जुलैमध्ये टांग मारायची, असं करणारी पोरं असतात. पण मग कंपनी कॉलेजवर फुली मारते, आणि मागच्या पोरांचं नुकसान होतं. ऋतुजाला ते जमण्यातलं नव्हतं. एकीकडं पक्की नोकरी, दुसरीकडं घेतील की नाही याचीच शाश्वती नसलेलं शिक्षण, आणि हातात तीन दिवस.

ती कॉलेजात शिकवणाऱ्या मालविका मॅडमकडं गेली. दुसऱ्या कुणाकडं जाणार? मॅडम नांदेडच्याच, वय पंचेचाळीसच्या घरात. त्यांची पीएच.डी. घरच्या आजारपणात अर्धवट राहिली होती. पण त्यातला एक प्रश्न त्यांनी अकरा वर्षं धरून ठेवला होता. तास नसला की रिकाम्या वर्गात फळ्यापाशी उभ्या. पोरं चेष्टेनं म्हणायची, मॅडमचं पाळलेलं गणित आहे ते.

आणि या जानेवारीत मॅडम वर्गात पेढे घेऊन आल्या होत्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं मॅडमचा प्रश्न सुटला. "सुटला," मॅडम म्हणाल्या, "पण मी नाही सोडवला. परदेशातल्या दोन मुलांनी सोडवलाय. परवा वाचलं." मग दोन तास त्यांनी ती सिद्धता फळ्यावर मांडली. एका ठिकाणी थांबल्या, खडूनं गोल केला आणि म्हणाल्या, "इथं मी सहा वर्षं अडकले होते. बघा, ती मुलं कशी वळली इथून. किती सुंदर वळली." बाईच्या तोंडावर असूयेचा टिपूस नव्हता. साडीभर खडू, डोळ्यांत पाणी आणि हसू दोन्ही. ऋतुजाला त्या दिवशी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. लाजेनं पडली नाही.

आता तिनं सगळं सांगितलं, नेक्स्ट क्वेश्चनसकट. मॅडम मनापासून हसल्या.

"मॅडम, मी जाऊ का?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुला वाटलं असेल मी जा म्हणेन. मी म्हटलं, तर त्यात माझ्या राहिलेल्या पीएच.डी.चा वाटा किती, हे मलाच सांगता यायचं नाही. नोकरी वाईट नसते, ऋतुजा. तू असं कर. घरी जा आणि तीन दिवस त्या प्रश्नापाशी बस. बसवेनासं झालं तर पुण्याला जा, अगदी बिनघोर जा. बसवलं, तर तुझं तुला कळेल."

झालं. नांदेडहून लातूर, लातूरला बस बदलून निलंगा, आणि तिथून बापाच्या मोटारसायकलवर मागं बसून ऋतुजा घरी पोचली.

बाप, हणमंतराव, बोलायला कमी, विचारायला जास्त. जेवताना त्यांनी सगळं काढून घेतलं. पेढ्यांची गोष्ट ऐकून त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हंजे अकरा वरसं हिनं घातली आन् उत्तर दुसऱ्यांना घावलं?"

"हाव."

"मग पेढे कशाचे वाटले?"

"उत्तर कळलं म्हणून."

हणमंतरावांनी घास परत ताटात ठेवला. म्हणाले, "लई मोठ्या मनाची बाई हाय." थोड्या वेळानं परत म्हणाले, "पर ऋतू, मोठ्या मनानं पोट भरत न्हाई. ज्ञानोबानं पुण्यात तुझ्यासाठी खोली बघून ठेवलीय. हैदराबादवाल्यांनी तर तुला घेतलंबी न्हाई अजून. मी नको म्हणून न्हाई राहिलो, इचारून राहिलो." ज्ञानोबा म्हणजे तिचे चुलते. पुतणीला पुण्यात नोकरी लागली हे त्यांनी अर्ध्या तालुक्याला सांगून ठेवलं होतं.

ऋतुजा ताटं उचलून आत गेली.

शनिवारी सकाळी ती प्रश्नापाशी बसली. अर्ध्या तासात पाच वेळा मोबाईल पाहिला, दोनदा पाणी प्यायला उठली. डोकं आपोआप म्हणायचं, सोड, पुढं हो. आणि पुढं काही नव्हतंच. दुपारपर्यंत तिला स्वतःचाच राग आला. चार वर्षं मॅडमच्या हाताखाली काढून एका जागी बूड टेकता येत नाही, म्हणजे काय?

रविवारी तिनं वही बाजूला सारली. अंगणात चुलीसाठी तुराट्या रचलेल्या होत्या, तुरीच्या वाळक्या काड्या. तिनं खडे मांडले, ती गावं. तुराट्या टाकल्या, ते रस्ते. त्यातले मोजकेच, ज्यांच्यावर सगळी गावं जोडलेली राहतील असे, दोरा गुंडाळून मुख्य रस्ते केले. साध्या तुराटीचा रस्ता बंद पडला तर काहीच बिघडत नाही. मुख्य बंद पडला तर गावांचे दोन गट पडतात. मग लहान गटातल्या तुराट्या तेवढ्या तपासायच्या आणि पलीकडं जाणारी एखादी सापडते का बघायची. मांडणी तिला आवडली.

तिची आई, सिंधु, वाळवण राखत ओसरीवर बसली होती. "हे काय मांडून राहिलीस?"

ऋतुजानं सांगितलं. सिंधुबाईनं ऐकून घेतलं, खाली उतरल्या आणि सरळ दोऱ्याची एक तुराटी उचलून बाजूला टाकली. "हं. हा बंद झाला. आता सांग."

ऋतुजानं शोधून दुसरी तुराटी दाखवली, तिला दोरा गुंडाळला. सिंधुबाईनं तीच उचलली.

"आई, तू मुद्दाम अवघड करून राहिलीस."

"मग रस्ता काय तुला इचारून बंद पडतो काय?"

सातवी शिकलेली ही बाई. तासाभरात तिनं असं काही ओळखलं, की लेक जिथं जिथं विसंबून आहे नेमकी तीच काडी उचलायची. हसायची नाही, दयामाया नाही. सोमवारी तर भाकरी उरकून ती स्वतःच येऊन बसली. म्हणाली, "चल, मांड." आणि मायलेकी तिथं ज्या भिडल्या, ते पाहायला हवं होतं. एक मांडतीय, एक मोडतीय, दोघींच्या कपाळावर घाम, आणि कुणी उठायचं नाव घेत नाही.

तिसऱ्या प्रहरी ऋतुजाच्या लक्षात आलं, की आईच्या या मोडण्यापायी त्याच त्याच तुराट्या पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतायत. वेळ जातोय तो सगळा तिथं. मग तिनं हळदीची वाटी आणली. एकदा बघून निरुपयोगी ठरलेल्या तुराटीला हळदीचं बोट लावायचं, म्हणजे परत बघायला नको. चार चाली नीट गेल्या. पाचव्या चालीला सिंधुबाईनं अशी एक काडी काढली, की आता गट जोडू शकणारी एकुलती एक तुराटी नेमकी हळद लागलेली निघाली. मघाशी कामाची नव्हती, आता तिच्यावाचून अडलं होतं.

ऋतुजा मातीत फतकल मारून बसली. पुसायचं कसं? की हळदीवर हळद, पहिल्यांदा बघितलेली वेगळी, दुसऱ्यांदा बघितलेली वेगळी? तिनं परत मांडलं. परत मोडलं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेही तिला दिसलं नाही.

मोबाईल वाजला तेव्हा सहा वाजत आले होते. पुण्याची मुलगी होती, कंपनीची. आवाज गोड, वागणं सभ्य. "ऋतुजा, तुमचा होकार आला नाही. लिंक पाचला बंद झाली. काही अडचण होती का? मी दहा मिनिटांसाठी परत उघडून देते."

पाच वाजून गेले होते. तिला कळलंच नव्हतं. तीन दिवस जी वेळ उरावर बसली होती, ती येऊन निघूनही गेली होती. आता छातीत धस्स होईल म्हणून ती क्षणभर थांबली. काही झालं नाही. हाताला हळद लागली होती आणि डोक्यात अजून तीच तुराटी होती. तिला एकदम इतकं हलकं वाटलं, की रडूच आलं.

"उघडू नका," ती म्हणाली. "मी येत नाहीये. तुमच्या वेटिंग लिस्टवर आमच्याच कॉलेजची धम्मप्रिया आहे. माझी जागा तिला मिळाली तर बरं होईल. पोरगी माझ्यापेक्षा चांगलं कोडिंग करते."

फोन ठेवून वळली, तर दारात हणमंतराव उभे. शेतातून आले होते आणि सगळं ऐकलं होतं.

"हैदराबादचं आलं काय?"

"न्हाई. मी अजून पाठवलंच न्हाई."

"उत्तर तरी निघालं?"

"अर्धंच. इथं अडलंय." तिनं तुराटी दाखवली. "बारापर्यंत निघंल, न्हाईतर न्हाई. जिथं अडलंय ते तसंच लिहून पाठवणार हाय."

"मग कशाच्या जोरावर नको म्हनलीस?" आवाज चढला नव्हता, पण कापत होता.

"बाबा, पाच वाजून गेलेले मला कळलंच न्हाई." आणखी काही सांगता येईल का, ते तिनं शोधून पाहिलं. एवढंच होतं. "त्यांनी न्हाई घेतलं तर पुढल्या साली परत परीक्षा देईन. तोवर मॅडमपाशी शिकवायला लागंन. पर हेच करणार."

हणमंतरावांनी लेकीकडं पाहिलं. केस विस्कटलेले, गालाला माती, हात पिवळे. मग बायकोकडं पाहिलं. सिंधुबाई नवऱ्याकडं न बघता खडे सारखे करत होत्या, पुढच्या डावासाठी.

तेवढ्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली. ज्ञानोबा उतरले, तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, खोलीचं पक्कं करून टाकलं बरं का. कुठंय आपली इंजिनिअर?" आणि तरातरा आत यायला लागले.

हणमंतराव झटकन पुढं झाले. दोन्ही हात आडवे करून त्यांनी भावाला फाटकातच अडवलं.

"थांब, तुराट्यावर पाय पडंल," ते म्हणाले. "उद्या ये. पोरगी कामात हाय."