पाद्र्याच्या सामानाविना गेलेला कंटेनर

माझ्या धाकट्या बहिणीची, लेसिएलीची, थोरली लेक लग्न होऊन शेजारच्या हापाई बेटांवर गेली, त्याच वर्षी लेसिएलीच्या पावाच्या भट्टीचा बर्नर कायमचा बंद पडला. ती आमच्या मूळच्या वावाऊ बेटावर, मी समुद्रापार ऑकलंडला. वावाऊच्या दवाखान्यात पाव तिचाच जायचा. नाताळाच्या आत भट्टी पेटली नाही तर पाव मोठ्या बेटावरून मागवू, असं दवाखान्याने तिला कळवलं. ते काम गेलं असतं तर भट्टी मोडीतच काढायची होती.

नवा बर्नर मी इथे घेतला. एका बर्नरसाठी कोणी आख्खा कंटेनर करत नाही. वावाऊचे पाच-सहा दुकानदार इथल्या व्यापाऱ्यांकडून माल घेतात, तो सगळा मिळून एका कंटेनरमध्ये आमच्याच चर्चमधल्या विलियामीच्या वखारीत भरला जातो. त्यातच बर्नर ठेवला. पण अशा कंटेनरमध्ये एकाचं अडलं की सगळ्यांचं अडतं, आणि अडवणारा ठरलेला होता. माझ्या भावाचा मुलगा मोसेसे, इथल्या आमच्या चर्चचा पाद्री. वावाऊतल्या आमच्या गावच्या चर्चसाठी तो सामान पाठवायचा, ते नेहमी उशिरा यायचं, त्याच्यासाठी दार उघडं राहायचं आणि बोट निघून जायची. मागच्या खेपेला त्याच्या गवत कापायच्या मशीनला चिखल निघाला. परक्या मातीतून कीड येते म्हणून तिकडच्या धक्क्यावर सगळा कंटेनर अडकवून ठेवला. दुकानदारांच्या पिठात अळ्या झाल्या. तरी कोणी चकार शब्द काढला नाही. पाद्र्याचं सामान आमचे लोक उघडून बघत नाहीत.

या खेपेला दार बंद करायच्या दिवशी मी सकाळीच वखारीत खुर्ची टाकून बसले. कंटेनर भरून झाला तेव्हा मोसेसेची गाडी खोकी घेऊन आली.

"विलियामी, खोकी उघड," मी म्हटलं.

"मावशी, मला नको सांगू. रविवारी मला चर्चमध्ये त्यांच्यासमोर बसायचंय."

"मग मी उघडते."

"आत्या," मोसेसे पुढे आला, "देवाचं सामान आहे हे."

"देवाचं आहे तर धुऊन आणायचंस." खोक्यात पुन्हा गवत कापायचं मशीनच होतं, ते मी उलटं केलं. पात्यांना चिखल, त्यात गवत अजून हिरवं.

"एवढ्याशा मातीने काय होतंय?"

"पीठवाल्यांना विचार."

"मी पाद्री आहे, आत्या. लोक बघतायत."

"बघू देत. पाद्री तुला चर्चने केलं. आत्या मला कोणी केलेलं नाही, मी आहेच. आणि त्या भट्टीवर बसलीय तीही तुझी आत्याच."

आमच्यात बापाच्या बहिणीपुढे भाचा आवाज चढवत नाही, मग तो कोणी का असेना. मोसेसे पाद्री झाल्यापासून सगळे ते विसरले होते. त्याला ते आठवलं. आवाज उतरला.

"धुऊन आणतो. थोडं थांबवा."

"नाही थांबायचं. पुढच्या खेपेला जाईल. विलियामी, दार लाव."

विलियामी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागला.

"आमची तोंडं काय बघतोस? दार तिकडे आहे."

त्याने दार लावलं.

"रविवारी प्रवचनात मी यावर बोलणार आहे," मोसेसे म्हणाला.

"बोल. पुढच्या बाकावर बसून ऐकते."

तो बोलला. देवाच्या वाटेत आडव्या येणाऱ्या बायकांवर बोलला. मी पुढच्या बाकावर होते, आणि त्या बाकावर माझ्याशेजारी कोणी बसलं नाही.

कंटेनर वेळेवर पोहोचला, धक्क्यावर कोणी अडवला नाही. बर्नर बसला. लेसिएलीचा फोन आला. "अक्का, भट्टी पेटली. पण इथे सगळे तुझ्याबद्दल बोलतायत. मोसेसेची माफी मागून टाक."

"तू पाव भाज," मी म्हटलं.

माफी मी मागितली नाही. तेव्हापासून कंटेनरचं दार ठरल्या दिवशी लागतं, कोणासाठी उघडं राहत नाही, आणि वापरलेलं मशीन माझ्यासमोर धुतल्याशिवाय आत जात नाही. मोसेसेचंही नाही. दवाखान्याचा पाव शेवटपर्यंत लेसिएलीकडेच राहिला.

ती त्या खेपेनंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट महिन्यात, वावाऊला वारली.