ओब्रादचा बोलका रेडिएटर

कोसाराबाईंच्या वरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. पलंगावर बायका, खिडकीत म्हातारे, जिन्यावर उरलेलं गाव आणि सगळ्यांचे डोळे भिंतीजवळच्या, खोली तापवायच्या पण थंडगार पडलेल्या लोखंडी रेडिएटरवर. कोसाराबाईंचा नवरा ओब्राद उन्हाळ्यात वारला होता. आता बाहेर बर्फ पडत होतं आणि ओब्राद, म्हणे, या रेडिएटरमधून बोलत होता.

"गुडगुड... टक्!" रेडिएटर म्हणाला.

"हो म्हणतोय!" त्रिवुनने जाहीर केलं. हा त्रिवुन पूर्वी गावात न्हावी होता. गिऱ्हाईक येईना तेव्हा आत्म्यांच्या धंद्यात शिरला. शिसं वितळवून पाण्यात ओतायचं आणि जो वेडावाकडा गोळा होईल त्यात मेलेल्याच्या मनातलं वाचायचं. "ओब्रादा, मित्रा, तिकडे बरं चाललंय ना?"

"गुडगुड."

"बरं आहे म्हणतो. फक्त तिकडची राकिया दारू पाणचट आहे."

"तो इथेही हेच म्हणायचा!" एक म्हातारा गहिवरला.

शेजारची यावोर्का पुढे घुसली. "माझं हरवलेलं बदक कुठे आहे, विचारा ना!"

"गुडगुड, गुडगुड."

"पाण्यात आहे!"

यावोर्काने छातीवर क्रूसाची खूण केली. बदक पाण्यात असतं हे कळायला तिला मेलेला माणूस लागला!

दारात नेवेना तान्ह्या मुलीला घेऊन उभी होती. ती या घरची सून, शहरातल्या इस्पितळात नर्स. नवरा दूरदेशी ट्रक चालवत होता. बदकापर्यंत तिने हसू दाबलं. पण मग त्रिवुनने शिशाचा गोळा उचलला आणि आवाज खोल केला.

"ओब्रादला गारठा सोसवत नाही. घरात पांढऱ्या पायाची सून आलीय. ती आणि तिची पोर इथे राहिली, तर या भिंती कधी तापायच्या नाहीत."

कोसाराबाईंनी सुनेकडे पाहिलंच नाही. "मी काही म्हणत नाही गं. पण तो म्हणतोय. उद्याच्या बसने माहेरी जा. पोरीला नीट गुंडाळून ने."

नेवेनाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त संताप. रेडिएटरच्या सांगण्यावरून घराबाहेर!

मध्ये कॉफी झाली. त्रिवुन तळघरात एक चक्कर मारून आला, तशा नळ्या थांबल्या. पुढच्या बैठकीआधी त्रिवुन रीतीप्रमाणे 'खालच्या दाराची परवानगी' घ्यायला एकटाच तळघरात उतरला. या वेळी नेवेना मागोमाग गेली. बंबाशेजारी रेडिएटरांत गरम पाणी फिरवणारा पंप होता. त्रिवुनने त्याची खुंटी एकवरून तीनवर फिरवली, मिशीवर हात फिरवला आणि तो वर गेला. लगेच नळ्या गुडगुडायला लागल्या.

हा पंप कोसाराबाईंच्या भावाने शरद ऋतूत बसवला होता. बहिणीच्या घराला लहान पंप शोभत नाही म्हणून त्याने शाळेच्या इमारतीला पुरेल असा आणला. नेवेनाला एकदम सलाईनची नळी आठवली. तिच्यात हवा अडकली की थेंब पुढे सरकत नाही.

तिने सासूला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, थंडीआधी रेडिएटरची हवा बाबा काढायचे ना? यंदा कोणी काढली?"

"कोण काढणार? त्याची छोटी चावी हवी ना."

"ती कुठे आहे?"

कोसाराबाईंनी खिडकीतून दफनभूमीकडे बोट दाखवलं. "चष्मा, सिगारेटी, चाव्यांचा जुडगा, सगळं त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवलं. तिकडे लागेल म्हणून."

"हवा काढायची चावीसुद्धा?"

"अगं, तिकडेही थंडी असली तर?"

नेवेनाने रेडिएटरांना पाणी पुरवणाऱ्या माळ्यावरच्या टाकीत पाणी भरलं, तळघरात जाऊन पंप बंद केला आणि पक्कड घेऊन ती वर आली.

खोलीत त्रिवुन ओरडत होता, "ओब्रादा, सुनेचं पुन्हा सांग! ओब्रादा?"

रेडिएटर गप्प.

"विचार करतोय," त्रिवुनने घाम पुसला. "रागावलाय."

"रागावलेले नाहीत, काका. पंप बंद आहे. तुम्ही तो तीनवर करून आला होतात, मी पाहिलं." नेवेना रेडिएटरजवळ बसली. "पंप अवाढव्य, घर चार खोल्यांचं. पाणी इतकं पळतं की हवा त्यातच घुसळत राहते आणि गुडगुडते. उरलेली इथे सगळ्यात वर येऊन अडकते, म्हणून हा थंड."

तिने पकडीने स्क्रू सैल केला. फुस्स्स! बायका किंचाळल्या, एक म्हातारा पलंगाखाली गेला.

"आत्मा निघाला!"

"हवा निघाली!"

मग पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट त्रिवुनच्या पाटलोणीवर. नेवेनाने स्क्रू आवळला, खाली जाऊन पंप एकवर लावला. हळूहळू रेडिएटर तापला आणि बोलेना.

"बघा, मीच त्याला मोकळं केलं!" त्रिवुन म्हणाला.

"मग आता बोलवा परत. पंपाला हात न लावता."

त्रिवुनने शिशाचं भांडं उचललं आणि गर्दीतून वाट काढली. कोणी अडवलं नाही, कोणी नमस्कारही केला नाही.

कोसाराबाई तापलेल्या लोखंडावर हात ठेवून रडत होत्या. "मला खरंच वाटलं गं, तो बोलतोय."

"वाटणारच, आई. तुम्हाला त्यांचा आवाज हवा होता. त्रिवुनने तोच विकला." मग नेवेना गावाकडे वळली. "गेलेल्या माणसासाठी रडा, त्याची आठवण काढा. पण त्याच्या तोंडून कोणी जिवंत माणसाला घराबाहेर काढायला लागला, तर मान डोलावू नका. आधी जाऊन बघा, खुंटी कोण पिरगाळतंय."

कोसाराबाईंनी डोळे पुसले आणि नातीला स्वतःकडे घेतलं. "उठा रे त्या पलंगावरून सगळे," त्या म्हणाल्या. "माझी सून आणि नात आजपासून या खोलीत झोपणार आहेत."