राखलेली जागा

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी गावाबाहेरच्या उतारावर चित्र काढत बसलो होतो. म्हणजे ती काढत होती; मी पाणी बदलत होते आणि ती सांगेल तसा बोर्ड तिरका धरत होते. ओला निळा खाली ओघळून आभाळ होत होतं.

"हलवू नकोस गं. डोंगराला पाय फुटतील."

"मग तू हसवू नकोस."

तिच्या जलरंगांच्या पेटीत पांढरा रंग नव्हता. पांढऱ्या रानफुलांसाठी ती तेवढा कागद कोरा सोडायची. त्याला ती 'राखणं' म्हणायची. त्या दिवशी गवताचा हिरवा भरताना तिने अशा बऱ्याच जागा राखल्या. सावल्या घातल्या की त्यांची फुलं होणार होती.

"सावल्या तू घाल," ती म्हणाली. "माझी फुलं कवायतीला उभी असल्यासारखी येतात."

"तुझं चित्र, तुझी फुलं," मी नेहमीचंच म्हणाले.

"बरं बाई. उद्या बघू."

पहाटे झोपेतच तिचं हृदय बंद पडलं.

तिच्या चित्रांचं प्रदर्शन आधीच ठरलं होतं. बाबांनी ते रद्द होऊ दिलं नाही. फ्रेमवाला घरी आला. जेवणाच्या टेबलावर मांडलेली चित्रं मापता मापता तो उताराच्या चित्रापाशी थांबला.

"याला कसर लागलीय का हो?"

बाबांचा चेहरा उतरला. "ते शेवटचं आहे. तिचा हात थांबला तिथेच राहू दे."

"राहू दे की. पण लोक विचारतील."

कसर लागलेला उतार आईच्या नावाने भिंतीवर लागणार, हे मला चालण्यासारखं नव्हतं.

"बाबा, तिने जागा राखून ठेवलीय. ती मी भरते."

"आणि बिघडलं तर? हा रंग खोडता येत नाही."

"नाही येत. म्हणून एकदाच लावायचा."

खिडकीजवळची खुर्ची त्यांनी माझ्यासाठी ओढली. मी निळ्यात किंचित तपकिरी मिसळला आणि रद्दीच्या कागदावर तपासून पाहिला. ब्रश टेकवला तसे बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. एका पाकळीला कडेने सावली दिली, मध्ये पिवळ्याचा ठिपका. एक फूल पाठमोरं केलं, एक अर्धं गवतात बुडवलं, बाकीच्यांच्या माना वाऱ्याकडे वळवल्या. हात कुठेही अडला नाही.

"अच्छा, फुलं होती होय," फ्रेमवाला म्हणाला.

बाबा आले. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"अगदी तिच्यासारखी आलीत," ते म्हणाले.

मी ब्रश धुतला, फडक्याला पुसला.

"नाही, बाबा. डोंगर मला तिच्यासारखे कधी जमणार नाहीत. पण फुलं मला आईपेक्षा चांगली येतात."